सहीमागची सही



चातुर्मास संपला की आपल्याकडे विवाहांचे मुहूर्त सुरू होतात, आणि मुहूर्त सरले की या स्तंभाकडे एका ठरावीक विषयाची पत्रे येऊ लागतात. मुलगा दुबईच्या एखाद्या पेढीवर किंवा नेदरलँड्समधील एखाद्या कंपनीत नोकरीला असतो. विवाह थाटात होतो, रजा संपते, तो परत जातो, आणि नववधू इकडे कागदांची वाट पाहत राहते. तिकडून निरोप येतो, ‘विवाहप्रमाणपत्र अटेस्ट करून पाठवा.’ कोणी म्हणते नोटरी पुरे, कोणी म्हणते मंत्रालयात जावे लागते, कोणी ‘ॲपोस्टिल’ असा शब्द उच्चारतो, आणि एजंट मात्र कोणताही प्रश्न न विचारता थेट रक्कम सांगतो. हे सारे प्रकरण मुळात काय आहे, हे यंदा सविस्तर पाहावे असे वाटले.

बँकेत धनादेश वटविणारा अधिकारी काय पाहतो? खातेदाराची सही नमुना सहीशी जुळते की नाही, एवढे तो पाहतो. धनादेश ज्याच्या नावे काढला त्याचे खरोखर देणे होते काय, याची चौकशी तो करीत नाही. परदेशासाठी होणारे साक्षांकन याच तत्त्वावर चालते. आपल्या महानगरपालिकेतील विवाह निबंधकाची सही परक्या देशाला कशी ओळखू येणार? म्हणून निबंधकाच्या सहीवर राज्य शासनाच्या गृह किंवा सामान्य प्रशासन विभागाचा नियुक्त अधिकारी सही करतो. त्या अधिकाऱ्याच्या सहीचा नमुना केंद्राच्या परराष्ट्र मंत्रालयाजवळ असतो, त्यावरून मंत्रालय आपली मोहोर उठविते. मंत्रालयाच्या अधिकाऱ्यांच्या सह्या परदेशी वकिलातींना ठाऊक असतात. अशी ही सहीमागे सहीची साखळी आहे.

ही साखळी पूर्वी फार लांब असे. ती आखूड करण्यासाठी ५ ऑक्टोबर १९६१ रोजी हेग येथे एक आंतरराष्ट्रीय करार झाला. करारातील देशांनी एकमेकांच्या सार्वजनिक दस्तऐवजांवर वकिलातीचा शिक्का मागू नये, मूळ देशाच्या नियुक्त अधिकाऱ्याने दिलेले एकच प्रमाणपत्र मान्य करावे, असे त्यात ठरले. ते प्रमाणपत्र म्हणजे ॲपोस्टिल. त्याची चौकट चौरस असावी, बाजू किमान ९ सेंटिमीटर असावी, आत क्रमांक घातलेल्या दहा नोंदी असाव्यात आणि शीर्षक फ्रेंच भाषेतच असावे, इतके बारकावे करारातच लिहून ठेवले आहेत. भारतात हा करार १४ जुलै २००५ पासून लागू आहे. आपल्याकडे ॲपोस्टिल परराष्ट्र मंत्रालय देते आणि त्याची चिकटपट्टी बहुधा दस्तऐवजाच्या मागील बाजूस लावली जाते.

मात्र सर्व देश या करारात नाहीत. आपल्या कुटुंबांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा अपवाद संयुक्त अरब अमिरातींचा. तेथे राज्य शासन आणि परराष्ट्र मंत्रालय यांच्यानंतर अमिरातींच्या भारतातील वकिलातीचे आणि पुढे तेथील परराष्ट्र मंत्रालयाचे साक्षांकन लागते, आणि अनेक ठिकाणी मान्यताप्राप्त अनुवादकाकडून केलेला अरबी अनुवादही मागतात. शेजारच्या सौदी अरेबियात मात्र ७ डिसेंबर २०२२ पासून आणि कॅनडात ११ जानेवारी २०२४ पासून ॲपोस्टिल चालते. जर्मनी करारात आहे, परंतु तिने भारताच्या प्रवेशावर हरकत नोंदविलेली असल्याने त्या दोन देशांत ॲपोस्टिलचा उपयोग नाही. तेथे जाणाऱ्यांनी जर्मन वकिलातीची स्वतंत्र पडताळणीची पद्धत आधी समजून घ्यावी. उलटपक्षी, अमेरिकेच्या आश्रित व्हिसासाठी सामान्यतः मूळ विवाहप्रमाणपत्रच पुरते. नको असलेल्या ॲपोस्टिलसाठी पैसे आणि आठवडे घालविणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. म्हणून पहिला प्रश्न एजंटला नव्हे, तर ज्या कार्यालयाने कागद मागितला त्या कार्यालयाला विचारावा, आणि उत्तर लेखी घ्यावे.

आता मुख्य मुद्दा. या साखळीतील एकही अधिकारी प्रमाणपत्रातील मजकूर खरा की खोटा, हे तपासत नाही. सही कोणाची, ती कोणत्या अधिकाराने केली आणि शिक्का अस्सल आहे काय, एवढ्याच गोष्टींची ग्वाही ॲपोस्टिल देते. परिणाम असा होतो की, नावातील चूक मुंबईहून दिल्लीपर्यंत सर्व शिक्क्यांसह सन्मानाने प्रवास करते आणि अखेरच्या टेबलावर, परदेशातील व्हिसा अधिकाऱ्यासमोर, उघडी पडते. तो अधिकारी पासपोर्ट आणि प्रमाणपत्र शेजारी ठेवतो आणि अक्षर अन् अक्षर जुळविण्याचा प्रयत्न करतो.

अक्षरे न जुळण्याची कारणे आपल्या घरांत मुबलक आहेत. एकाच घरातील थोरला भाऊ शहा लिहितो, धाकटा जैन लिहितो आणि काकांच्या दुकानाच्या पाटीवर गोत्र झळकते. शाळेच्या दाखल्यावर नुसते ‘सुरेश’ असते, आधारवर ‘सुरेशकुमार’, पासपोर्टवर ‘सुरेशभाई’. शहा हे आडनाव इंग्रजीत लिहिताना कोणी शेवटी एक अक्षर अधिक घालतो, कोणी घालीत नाही. अनेकांतवाद तत्त्वज्ञानात शोभतो. पासपोर्टवर त्याला जागा नाही.

वधूच्या नावाची गोष्ट अधिक नाजूक. तांदळात नवे नाव लिहिण्याची हौस अनेक घरांत अजून आहे. हौस जरूर असावी, पण ते नाव सरकारी अर्जात जाऊ नये. विवाहानंतर नाव किंवा आडनाव बदललेच पाहिजे असे कोणताही कायदा म्हणत नाही. माझ्या परिचयातील एका कुटुंबात सुनेचे नाव विवाह नोंदणीच्या अर्जात सासरच्या नव्या नावाने भरले गेले आणि पासपोर्ट मात्र माहेरच्या नावाचा होता. सर्व शिक्के विनासायास मिळाले. दुबईत मात्र ही दोन नावे एकाच व्यक्तीची कशावरून, असा प्रश्न आला. मूळ नोंदीत दुरुस्ती, नवी प्रत आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून साक्षांकन, यात पाच महिने गेले. नवविवाहितेसाठी पाच महिने म्हणजे काय, हे घरातील मोठ्यांनी एकदा तिच्या बाजूने मोजून पाहावे. परक्या देशात पत्नी म्हणून राहण्याचा परवाना या कागदावर अवलंबून असतो, आणि पुढे अमिरातींत बाळाच्या जन्मनोंदणीच्या वेळीही साक्षांकित विवाहप्रमाणपत्र मागितले जाते.

म्हणून खरी काळजी घ्यायची ती नोंदणीच्या दिवशी. सर्वोच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २००६ रोजी सर्व धर्मीयांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश दिले. महाराष्ट्रात त्याआधीपासूनच १९९८ चा विवाह नोंदणी अधिनियम आहे. त्यानुसार विवाहानंतर ९० दिवसांच्या आत ‘नमुना ड’ मधील ज्ञापन तीन साक्षीदारांसह निबंधकाकडे द्यावयाचे असते आणि ‘नमुना ई’ मध्ये प्रमाणपत्र मिळते. गावात ग्रामसेवक आणि शहरात महानगरपालिकेचा नियुक्त अधिकारी निबंधकाचे काम पाहतो. ज्ञापनावर विवाह लावणाऱ्याचीही सही लागते. आपले पंडितजी किंवा दक्षिण महाराष्ट्रातील उपाध्ये मांडवातून निघण्यापूर्वीच ती घेऊन ठेवावी, कारण मुहूर्तांच्या दिवसांत ते पुढच्या गावी गेलेले असतात. अर्ज भरताना समोर दोघांचे पासपोर्ट ठेवावेत आणि प्रत्येक इंग्रजी अक्षर त्यावरूनच उतरवावे. घरातील कोणाच्या आठवणीवर विसंबू नये.

संघाने, मंगल कार्यालयाने किंवा सामूहिक विवाह सोहळ्याच्या समितीने दिलेले सुंदर छापील प्रमाणपत्र फ्रेम करून दिवाणखान्यात लावावे. साक्षांकनाच्या साखळीत ते शिरू शकत नाही, कारण त्यावरील सहीचा नमुना कोणत्याही सरकारी दप्तरात नसतो.

एक शंका अलीकडे वारंवार विचारली जाते. जानेवारी २०१४ मध्ये जैन समाजास राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. मग आपल्या विवाहांना हिंदू विवाह कायदा लागू आहे काय? आहे. १९५५ च्या त्या कायद्याच्या दुसऱ्या कलमातच बौद्ध, जैन आणि शीख यांचा स्पष्ट उल्लेख आहे. इंदूरच्या कौटुंबिक न्यायालयाने याविरुद्ध मत घेतले होते, ते मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द ठरविले. तेव्हा अर्जातील धर्माच्या रकान्यात ‘जैन’ निःशंकपणे लिहावे, त्याने प्रमाणपत्राच्या वैधतेस बाध येत नाही.

प्रमाणपत्र हाती आले की आपल्या व्यापारी घरांतील पहिली ऊर्मी असते ती लॅमिनेशनची. ती आवरावी. प्लॅस्टिकवर शिक्का उमटत नाही आणि लॅमिनेट केलेला कागद साक्षांकनासाठी नाकारला जातो. जुने, हस्तलिखित किंवा केवळ मराठीतील प्रमाणपत्र असेल तर निबंधकाकडून नवी द्वैभाषिक प्रत मागून घ्यावी, कारण अनुवाद आणि नोटरी यांच्या खटाटोपापेक्षा ते स्वस्त पडते. परराष्ट्र मंत्रालय जुलै २०१२ पासून व्यक्तींकडून थेट कागद स्वीकारीत नाही. मंत्रालयाने नेमलेल्या संस्थांमार्फत ते द्यावे लागतात, आणि २०१९ पासून हे काम दिल्लीप्रमाणे मुंबईसह इतर काही शहरांतही होते. ॲपोस्टिलचे सरकारी शुल्क दस्तऐवजामागे केवळ ५० रुपये आहे, त्यावर त्या संस्थेचे माफक सेवाशुल्क. खासगी एजंटने सांगितलेल्या रकमेतील उरलेला भाग त्याची धावपळ आणि आपले अज्ञान यांचा मोबदला असतो. ज्यांना वेळ नाही त्यांनी एजंट जरूर नेमावा, परंतु पावत्या मागाव्यात आणि मिळालेल्या ॲपोस्टिलचा क्रमांक मंत्रालयाच्या संकेतस्थळावर स्वतः पडताळून पाहावा. बनावट चिकटपट्ट्यांचा धंदाही आहेच.

शेवटी ज्येष्ठांविषयी. ज्यांचे विवाह तीस-चाळीस वर्षांपूर्वी झाले आणि नोंदलेच गेले नाहीत, अशी जोडपी आपल्याकडे असंख्य आहेत. नोंदणी नसल्याने हिंदू विवाह कायद्याखाली विवाह अवैध ठरत नाही. पण मुलगा परदेशात स्थायिक होऊन आई-वडिलांना दीर्घकाळ बोलावू लागला, की कागद लागू शकतो. विलंबशुल्क भरून अशा विवाहाची नोंदणी आजही करता येते. जपून ठेवलेली लग्नपत्रिका, मांडवातील एखादे छायाचित्र आणि त्या दिवशी हजर असलेले तीन साक्षीदार एवढी सामग्री साधारणपणे पुरते. लग्न लावणारे पंडितजी हयात नसतील, तर तसे प्रतिज्ञापत्र चालते काय, हे स्थानिक निबंधकास आधी विचारावे. साक्षीदार जमविण्याचे काम मात्र फार पुढे ढकलू नये.

पुढील अंकात जन्मदाखल्यातील नावांच्या दुरुस्तीविषयी.