संक्षिप्त इंग्रजी आणि आमचीं मुलें

हल्लीं अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत ज्या घरीं जावें तेथें मुलांची इंग्रजी आंखूड होत चालल्याची तक्रार कानीं येते. 'यू' या शब्दाचें एकच अक्षर उरलें आहे, 'ग्रेट'च्या शेपटास आठाचा आंकडा लागला आहे, आणि हसूं न येतांहि 'लोल' म्हणण्याचा प्रघात पडला आहे. ही सारी मोबाईलची करणी, असें पालक म्हणतात.

आमच्या मतें संक्षेपास दूषण देणें व्यर्थ आहे. आमचे आजेपणजे 'साष्टांग नमस्कार विनंति विशेष' याऐवजीं 'सा. न. वि. वि.' लिहीत, पोस्टकार्डावर जागा कोठें होती? तारेंत शब्दागणिक पैसे पडत, म्हणून २०१३ सालीं सरकारी तारसेवा बंद होईपर्यंत लोक शब्द मोजूनच कळवीत. मोबाईलच्या संदेशासहि प्रारंभीं १६० अक्षरांचीच मर्यादा होती. 'ओ माय गॉड'चीं तीन आद्याक्षरें तर ॲडमिरल फिशर यांनीं चर्चिल यांस १९१७ सालीं लिहिलेल्या पत्रांत आढळतात, आणि तेव्हां फिशर साहेब पंचाहत्तरी ओलांडून गेले होते!

परंतु 'सा. न. वि. वि.' कोणास लिहावयाचें व कोणास नाहीं, हें लिहिणारास ठाऊक असे. वडिलांस साष्टांग, बरोबरीच्यास सप्रेम, धाकट्यास आशीर्वाद. चार अक्षरांतहि नातें शाबूत राही. आजचा 'के' मात्र मित्रास, मावशीस आणि वर्गशिक्षकांस एकच.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. डेव्हिड क्रिस्टल या भाषापंडितांनीं २००८ सालीं या विषयावर पुस्तक लिहून मुलांचा कैवार घेतला आहे. शब्दांतील ध्वनि व वर्ण यांची जाण असल्यावांचून त्याचा संक्षेप करतां येत नाहीं, असा त्यांचा युक्तिवाद. इंग्लंडांतील मुलास तो लागू पडेल, कारण पुरता शब्द त्यास घरीं, दुकानीं, रस्त्यांत रोज भेटतो. आमच्या उपनगरांतील पुष्कळ मुलें घरीं मराठी, गुजराथी वा कोंकणी बोलतात आणि गाडींत हिंदी. पुरती इंग्रजी त्यांस बहुधा शाळेंत व पुस्तकांतच भेटते. अशा मुलास 'टुमॉरो' हा शब्द प्रथम दोनाच्या आंकड्यासहच दिसला, तर परीक्षेच्या कागदावर तें काय लिहील? त्यानें आळसानें कांहीं गाळलें असें आपण म्हणतों. पण गाळावयाचें तें त्याला कधीं मिळालेलेंच नसतें.

पालकांस आमचें सुचविणें इतकेंच कीं, महिन्यांतून एकदां मुलाकडून एक पुरतें इंग्रजी पत्र लिहवून घ्यावें, आणि त्यांत एकहि शब्द कापूं देऊं नये. गांवच्या आजोबांस इंग्रजी येत नसेल, तर त्यांस मराठींत लिहूं द्यावें, 'सा. न. वि. वि.'चा अर्थ किती मुलांस सांगतां येतो, हेंहि त्या निमित्तानें कळेल.