तानसा बघायला या, पण आटगावचे दगडही बघा

रविवारी तानसाला गेलो होतो. पाऊस उघडला होता, तलाव काठोकाठ, मागे माहुलीचे सुळके. खरंच डोळ्यांचं पारणं फिटलं. आटगाव स्टेशनला उतरून मुंबई-ठाण्याचे लोक इथे येतात, फोटो काढतात आणि बाटल्या टाकून परत जातात. जाताना आटगावातल्या प्राचीन मंदिराच्या अवशेषांची चौकशी करणारा एकही भेटला नाही. त्यांना कशाला बोल लावू? आपल्याच पोरांना विचारा, किती जणांना माहीत आहे?

याच जिल्ह्यात अंबरनाथचं शिवमंदिर आहे. शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०. शिलाहारांच्या काळातलं. ते केंद्राचं संरक्षित स्मारक आहे, म्हणून कोरीव काम टिकलं. आमच्याकडचे कोरीव दगड मात्र उघड्यावर. कोणी शेंदूर फासतो, कोणी वर बसून सेल्फी काढतो. उद्या एखादा दगड कुणाच्या फार्महाऊसच्या बागेत गेला, तर तो आपला होता हे सिद्ध कसं करणार? कुठे नोंद आहे का?

तानसाचं धरण १८९२ चं. तेव्हापासून इथलं पाणी मुंबई पितेय आणि आपल्या तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. पाणी गेलं ते आपल्याला न विचारता. निदान दगड तरी आपल्या डोळ्यांदेखत जायला नकोत.

पर्यटन विकास म्हटलं की आपल्याकडे कमान, पेव्हर ब्लॉक आणि नेत्यांचे फोटो. माझं म्हणणं उलटं आहे. आधी मोजणी करा. प्रत्येक कोरीव दगडाला नंबर द्या, फोटो काढा, कुठे आहे ते लिहा. याला फार पैसा लागत नाही. शाळेतले गुरुजी, चार पोरं आणि दोन मोबाईल पुरे. ती यादी १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठेवा, ठराव घ्या आणि राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला पाठवा. आणि तोपर्यंत हौसेने सिमेंट, ऑइलपेंट लावू नका, हात जोडून विनंती.

संचालनालय लगेच धावत येईल असं मी म्हणत नाही. पण कागदावर नोंद असली की पाठपुरावा करता येतो. नोंदच नसेल तर तक्रार तरी कशाची करणार?

यादीच्या कामाला कोण कोण येणार, खाली नाव टाका. मी कॅमेरा घेऊन येतो.