गोळी रोज मिळते, मग लस का नाही?

गर्द सोडण्यासाठी ब्युप्रेनॉर्फिन घेणारा रुग्ण केंद्रात जवळजवळ रोज येतो. नर्ससमोर गोळी जिभेखाली विरघळवतो आणि जातो. एकमेकांची सुई वापरल्याने हिपॅटायटिस बी होतो, त्यावर लस आहे. डोस तीनच: आज, महिन्याने, सहा महिन्यांनी. बाळांना ती देशभर २०११ पासून मिळते. आज चाळिशीत असलेल्या बहुतेकांना मिळालेलीच नाही. तरी पुष्कळदा रुग्णाच्या हातात दुसऱ्या रुग्णालयाची चिठ्ठी देतात. तिथल्या रांगेत ‘गर्दुल्ला’ म्हणवून घ्यायला कोण जाईल? माझ्या मते लस त्याच टेबलावर द्यावी. तपासणीसाठी रक्त घेतल्यावर पहिला डोस त्याच दिवशी देता येतो. हिपॅटायटिस सीला मात्र लस नाही. तो गोळ्यांनी बहुधा १२ आठवड्यांत बरा होतो. म्हणून दोन्ही तपासण्या मागून घ्या.