एका गांवाचा अर्ज आणि तेरा तालुक्यांची मागणी

‘गांव करील तें राव काय करील’ ही म्हण ज्या काळीं रूढ झाली, त्या काळीं विहीर, रस्ता व चावडी हीं गांवाच्याच हातीं होतीं. आतां पाणी दूरच्या धरणांतून येतें आणि रस्ता जिल्हा परिषदेच्या यादींतून निघतो. अशा काळीं एकटें गांव कितीही एकदिलाचें असलें तरी पुरें पडत नाहीं. गांवांनींच गांवांशीं जुटलें पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

आमची हयात महसूल खात्याच्या कारकुनींत गेली. एकेका गांवाच्या अर्जाची गत काय होते, हें आम्हीं आवक बारनिशीवर बसून पाहिलें आहे. अर्ज येतो, त्यास क्रमांक पडतो, ‘योग्य त्या कार्यवाहीसाठीं’ असा शेरा होऊन तो दुसऱ्या मेजावर जातो. आठ दिवसांनीं शेजारच्या गांवाचा त्याच रस्त्याबद्दल अर्ज येतो. त्यास निराळा क्रमांक पडतो. पुष्कळदां एकानें मागितलेलें दुसऱ्यास नको असतें, आणि मग कचेरीस कांहींच न करण्याची आयती सबब मिळते. कचेरी निर्दोष आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ही सबब आपणच तिच्या हातीं देतों, हेंही तितकेंच खरें.

याच्या उलट उदाहरण कृष्णा खोऱ्याचें आहे. बच्छावत लवादाच्या १९७३ व १९७६ च्या निवाड्यांनीं ५६० अब्ज घनफूट पाणी महाराष्ट्राच्या वांट्यास आलें. परंतु माण, खटाव, आटपाडी, सांगोला या अवर्षणग्रस्त तालुक्यांस तो आंकडा कागदावरच राहिला. १९९३ सालीं नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकारानें आटपाडीस पाणी परिषद भरली आणि सातारा, सांगली व सोलापूर जिल्ह्यांतील तेरा तालुके एका मागणीखालीं आले. गणपतराव देशमुख, डॉ. भारत पाटणकर आदींनीं ती मागणी वर्षानुवर्षें लावून धरली. १९९६ मध्यें कृष्णा खोरें विकास महामंडळ स्थापन झालें, आणि कराडजवळ टेंभू येथें उचललेलें कृष्णेचें पाणी आज आटपाडीच्या माळापर्यंत पोहोंचतें. हें सर्व एकट्या परिषदेनेंच केलें असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. पण एकेका गांवाच्या अर्जानें तें झालें नसतें, हें निश्चित.

ही जूट इतकीं वर्षें कां टिकली? आमच्या मतें याचें कारण मागणीच्या स्वरूपांत आहे. ‘आम्हांस पाणी द्या’ एवढीच ती नव्हती. समन्यायी वांटप करा, प्रत्येक कुटुंबास, भूमिहीनासही, हिस्सा द्या, अशी ती होती. हा विचार हवेंतला नव्हे. खानापूर तालुक्यांत बलवडी व तांदूळवाडी या दोन गांवांनीं येरळेची वाळू विकून त्या पैशांत बळीराजा धरण बांधिलें, आणि त्याच्या पाण्यावर भूमिहीनांचाही हक्क मान्य केला. वांटणी आधीं ठरली म्हणूनच श्रमाला हात मिळाले.

दुसरा मार्ग धमकीचा. जत तालुक्यांतील सुमारें ४० सीमावर्ती गांवांनीं पाण्यासाठीं २०१२ सालीं कर्नाटकांत जाण्याचे ठराव केले. २०२२ मध्यें कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनीं त्यांचा उच्चार करतांच मुंबईस धांवपळ झाली, व विस्तारित म्हैसाळ योजनेस गति आली. त्या गांवांना आम्ही दोष देत नाहीं. तहानेनें व्याकुळ झालेल्यास मर्यादा शिकविणें सोपें आहे. परंतु धमकीनें सरकार जागें झालें तरी कोणत्या शिवाराला किती पाणी, हें धमकी ठरवूं शकत नाहीं. तें आपणांसच ठरवावें लागतें.

येथेंच आपली खरी परीक्षा आहे. पाटाच्या मुखाशीं असलेल्या गांवास पाणी मिळालें कीं त्याचा उत्साह मावळतो. तेथें ऊस उभा राहतो आणि शेपटाकडील गांव कोरडें राहतें. आमचे वाचक बहुतेक जमीनधारक आहेत, म्हणून हें त्यांनाच सांगावयाचें. शेपटाच्या गांवास व भूमिहीनास जो हिस्सा आज आपण नाकारूं, त्याच्या बदल्यांत उद्यां त्यांची साथ गमावूं, आणि पुन्हां एकट्याचा अर्ज घेऊन बारनिशीपुढें उभे राहूं.

तरी शेतकरी बंधूंनीं तीन गोष्टी कराव्या. पहिली, एका पाटावरील वा एका रस्त्यावरील सर्व गांवांनीं आपापल्या ग्रामसभेंत एकाच शब्दांचा ठराव करावा. दुसरी, कोणास काय, किती व कोणत्या क्रमानें मिळावें, हें सरकारकडे जाण्यापूर्वीं लेखी ठरवावें. पाण्यापुरतें पाहतां, पाणीवापर संस्थेस मोजून पाणी देण्याची तरतूद २००५ च्या कायद्यानें केलेलीच आहे. तिसरी व सर्वांत कठीण, ज्यांचें काम आधीं होईल त्यांनीं शेवटच्या गांवाचें काम होईपर्यंत जूट सोडूं नये.

तिसरी गोष्ट पाळली जाईल तरच पहिल्या दोहोंस अर्थ आहे.