जिम बदलावी का? लोखंडाचा आणि वस्तादाचा हिशोब

बजाजनगरात आता दर दोन-तीन गल्ल्यांमागे एक जिम दिसते. त्यामुळे "सर, ती नवी जिम बघितली का? तिकडं सामान भारी आहे," हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी ऐकू येतो. मी उर्दू आणि मराठी शिकवणारा मास्तर. वय चाळिशीच्या पुढे. सहा वर्षांपासून एकाच जिममध्ये जातो. आजवर हा प्रश्न मी हसण्यावारी नेत होतो. या वर्षी मात्र तो घरातच आला, कारण माझ्या दहावीतल्या मुलीला वेटलिफ्टिंग शिकायचं आहे. जिम बदलावी की नाही, यावर जो विचार केला तो इथे मांडतो. तुमच्यापैकी अनेकांना तो उपयोगी पडेल असं वाटतं.

आधी दोन्ही जागा सांगतो. माझी जिम एका दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर आहे. महिन्याला सातशे रुपये. एक लांब रॉड, तीन-चार आखूड रॉड, लोखंडी प्लेटा, डंबेल, दोन बेंच आणि एक जुनी लेग प्रेस. चालवणारे भाऊ स्वतः पूर्वी कंपनीत होते, म्हणून सकाळी पाचला आणि रात्री उशिरापर्यंत दार उघडं असतं. तिन्ही शिफ्टची मुलं येतात. रमजानमध्ये आम्हा काही जणांसाठी ते तरावीहनंतर तासभर थांबतात, आणि ते आम्ही कधी मागितलेलं नाही. नवी जिम मोठ्या रस्त्याला आहे, अठराशे रुपये महिना. तिथे एसी, आरसे आणि ट्रेडमिलची रांग आहे. पण माझ्या कामाची गोष्ट कोपऱ्यात आहे: लाकडी आणि रबरी फळ्यांचा प्लॅटफॉर्म, ऑलिंपिक बार आणि रबरी बम्पर प्लेटा.

आता हा फरक खरा किती, ते बघू. पुष्कळ लोक म्हणतात, लोखंड ते लोखंड, वीस किलो इथेही वीस आणि तिथेही वीस. स्क्वॉट, बेंच प्रेस, खांद्याचे व्यायाम यांच्यापुरतं हे बरोबर आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करायला सांगते. तेवढ्यासाठी माझ्या जिममधला गंज धरलेला रॉडही पुरतो. वाढत्या वयात स्नायू टिकवणं हे माझं काम आहे, आणि ते काम प्लेटेचा रंग विचारत नाही.

पण स्नॅच आणि क्लीन अँड जर्क यांची गोष्ट वेगळी आहे. तिथे रॉड जमिनीवरून वेगाने वर येतो आणि हातात फिरतो. ऑलिंपिक बारची टोकं, ज्यांवर प्लेटा चढवतात, ती मधल्या दांड्यापासून सुटी फिरतात. त्यामुळे दांडा फिरला तरी प्लेटांचा पीळ मनगटावर आणि कोपरावर येत नाही. साध्या रॉडला ही सोय नसते. दुसरी गोष्ट जाडीची. पुरुषांचा बार 20 किलोचा आणि 28 मिलिमीटर जाड असतो, बायकांचा 15 किलोचा आणि 25 मिलिमीटर. लहान हाताच्या मुलीला हे तीन मिलिमीटर पकडीत चांगलेच जाणवतात.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. बम्पर प्लेट दहा किलोची असो की पंचवीसची, तिचा व्यास 45 सेंटीमीटरच असतो. म्हणजे वजन कमी असलं तरी बार जमिनीपासून ठराविक उंचीवर राहतो. लोखंडी प्लेट वजनाप्रमाणे लहान होत जाते. शिकाऊ मुलगी हलक्या प्लेटा लावते, मग बार जवळजवळ जमिनीला टेकतो आणि तो उचलायला तिला पाठ वाकवावी लागते. म्हणजे जिला पाठ सरळ ठेवायला शिकायचं आहे, तिलाच वाकायला भाग पडतं. शिवाय वजन हातातून सुटलं तर रबरी प्लेट प्लॅटफॉर्मवर टाकता येते. आमच्या पहिल्या मजल्यावर लोखंड टाकलं तर खालचा दुकानदार धावत वर येईल. टाकायची भीती असलेला माणूस पडणारं वजन धरून ठेवायला जातो, आणि दुखापत तिथेच होते.

यावर एक उत्तर नेहमी मिळतं. सांगलीच्या संकेत सरगरचं नाव पुढे करतात. 30 जुलै 2022 रोजी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने 55 किलो गटात स्नॅचमध्ये 113 आणि क्लीन अँड जर्कमध्ये 135, असे एकूण 248 किलो उचलून रौप्यपदक घेतलं. कोपर दुखावला आणि फक्त एका किलोने सुवर्ण हुकलं. वडिलांची पानटपरी, घरची परिस्थिती साधी. "बघा, त्याच्याकडे कुठे होती एसी जिम?" असं लोक म्हणतात. हो, एसी नव्हता. पण सांगलीत त्याला वेटलिफ्टिंग शिकवणारी व्यायामशाळा आणि प्रशिक्षक मिळाले. त्याच घरातल्या काजलने खेलो इंडियात सुवर्ण मिळवलं. गरिबीने पदक आणलं नाही. गरीब घराच्या जवळ योग्य बार आणि शिकवणारा माणूस होता, म्हणून पदक आलं. आपण टपरीचं कौतुक करतो आणि व्यायामशाळा विसरतो, मग आपल्या गावात तशी व्यायामशाळा का नाही हे विचारायचं राहून जातं.

इथे शिक्षक म्हणून एक गोष्ट सांगाविशी वाटते. मराठीत कुस्तीच्या जागेला तालीम म्हणतात. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. शब्द एकच, अरबीतून आलेला. उर्दूचा उस्ताद मराठीत वस्ताद झाला, पहलवानाचा पैलवान झाला, आणि फारसीत ताकद असा अर्थ असलेला जोर आपल्याकडे जोर-बैठकांमध्ये जाऊन बसला. जर्मनीत तर माध्यमिक शाळेलाच जिम्नॅशियम म्हणतात. शाळा आणि आखाडा यांच्यात भिंत नाही हे भाषेला आपल्या आधी कळलं होतं. चांगल्या शाळेची परीक्षा जशी इमारतीवरून होत नाही, तशी जिमचीही होत नाही. पण फळा आणि खडू नसलेल्या वर्गात चांगला मास्तरही अर्धाच शिकवतो. दोन्ही लागतं.

म्हणून माझा निर्णय असा: मी जुन्या जिममध्येच राहणार, मुलगी नवीकडे जाणार. अठराशेचा खर्च एका मास्तराच्या घरात सहज बसत नाही. दोघांचे छत्तीसशे तर नाहीच. माझ्या गरजेला सातशे पुरतात आणि तिच्या गरजेला पुरत नाहीत, एवढा हा हिशोब आहे. नातेवाइकांपैकी काहींना तो उलटा वाटतो. मुलगा असता तर ठीक, मुलीवर अठराशे कशाला, असं एकाने तोंडावर म्हटलं. त्यांना मी एवढंच सांगितलं की 2000 साली सिडनीत बायकांचं वेटलिफ्टिंग पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं आणि त्याच वर्षी कर्णम मल्लेश्वरीने भारतासाठी कांस्य आणलं. ऑलिंपिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. या खेळात आपल्या मुली उशिरा आलेल्या नाहीत, दार उघडलं त्याच दिवशी त्या आत होत्या. पदक मिळेल की नाही हा प्रश्नच नाही. तिला शिकायचं आहे, म्हणून नीट शिकावं.

तुम्हीही जिम बदलायच्या विचारात असाल तर पैसे भरण्याआधी चार गोष्टी बघा. बारचं टोक हाताने फिरवून पाहा, ते सहज फिरलं पाहिजे. बार सपाट फरशीवर लोळवा, वाकडा असेल तर लगेच कळतं. वजन टाकू देतात का, ते स्पष्ट विचारा, कारण काही ठिकाणी बम्पर प्लेटा फक्त फोटोसाठी असतात. आणि स्नॅच शिकवणारा माणूस आहे का ते बघा, नुसता दंड फुगवून दाखवणारा नको. वर्षाची फी एकदम भरू नका, पहिले दोन-तीन महिने महिन्याने भरा. मुलीसाठी बघत असाल तर तिच्या वेळेला तिथे आणखी मुली असतात का, हे स्वतः त्या वेळी जाऊन पाहा.

शेवटचा मुद्दा माझ्या घरापुरता नाही. आपली वस्ती वडगाव कोल्हाटी ग्रामपंचायतीत, आणि चारी बाजूंना कारखाने. 2013 च्या कंपनी कायद्यानुसार ठराविक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, आणि त्या कामांच्या यादीत ग्रामीण आणि ऑलिंपिक खेळांचं प्रशिक्षण आहे. एक प्लॅटफॉर्म, दोन बार, एक संच प्लेटा आणि संध्याकाळी दोन तास येणारा प्रशिक्षक, हे एखाद्या शाळेच्या रिकाम्या खोलीत बसतं. कंपनीला हा खर्च जड नाही. ज्या मुलीचा बाप ठेकेदाराकडे रोजंदारीवर आहे, तिच्यासमोर दोन जिममधून निवडायचा प्रश्नच येत नाही. ग्रामपंचायतीला, शाळांना आणि कंपन्यांना हे आपण मिळून लिहून दिलं पाहिजे. अर्जाचा मसुदा मी करतो, मराठीत आणि उर्दूत. सह्या तुम्ही जमवा.