बंदराची जमीन आणि शेलूचे घर

९ जुलै २०२५ रोजी गिरणी कामगार आणि त्यांचे वारस भर पावसाळ्यात मुंबईच्या आझाद मैदानावर जमले, ते काही नवी मागणी घेऊन नव्हे. घर मुंबईतच हवे, ही त्यांची मागणी जुनीच आहे. राज्य सरकारने त्यांच्यासाठी शेलू आणि वांगणी येथे मिळून ८१,००० घरांची योजना पुढे केली होती. आणि १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयात, देऊ केलेले घर नाकारणाऱ्याचा हक्क संपुष्टात येईल, असे कलमही घालून ठेवले होते. मोर्चानंतर ते कलम रद्द करण्याचे सरकारने मान्य केले. कलम मागे घेतले गेले, पण ज्या गृहीतकातून ते जन्मले ते जागच्या जागी आहे. मुंबईत कामगारांसाठी जमीन उरलेली नाही, हे ते गृहीतक. ते खरे आहे काय, हे तपासायचे तर शेलूचा विचार मुंबईच्या पूर्व किनाऱ्याच्या संदर्भातच करावा लागेल.

हा संबंध ओढूनताणून जोडलेला नाही. शेलूवरून जाणारा लोहमार्ग मूळचा बंदरासाठीच घातलेला आहे. १८५३ मध्ये ठाण्यापर्यंत, १८५४ मध्ये कल्याणपर्यंत आणि १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत गेलेली ही रेल्वे १८६३ मध्ये बोरघाट चढली. दख्खनचा कापूस मुंबईच्या धक्क्यावर आणून जहाजात भरणे, हा तिचा मुख्य हेतू होता. घाटाच्या कामात हजारो मजूर मेले. कर्जत-खालापूरच्या माणसाला मुंबईशी जोडावे असा विचार त्यामागे नव्हता. माल खाली आणता आणता माणसांचीही सोय झाली, एवढेच. आज त्याच मार्गाने उलट दिशेने कामगार वर पाठवायचा आहे आणि त्याच्या श्रमांवर उभी राहिलेली बंदराची जमीन मात्र दुसऱ्याच कोणासाठी मोकळी करायची आहे.

ही जमीन कोणाची, याचा इतिहास लक्षात ठेवण्यासारखा आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या पूर्व किनाऱ्याचा मोठा भाग एल्फिन्स्टन कंपनी या खाजगी कंपनीच्या हाती गेला होता. धक्क्यावर एका कंपनीची मक्तेदारी असणे व्यापाराला घातक आहे, हे ओळखून खुद्द ब्रिटिश सरकारने तिची मालमत्ता विकत घेतली आणि १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली. पुढे १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक, त्यानंतर व्हिक्टोरिया डॉक आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजचा इंदिरा डॉक, उभा राहिला. त्याच्या खोदाईतून निघालेल्या मातीदगडाने समुद्र बुजवून बॅलार्ड इस्टेट वसवली गेली. गोदीपासून वडाळ्यापर्यंत पोर्ट ट्रस्टची स्वतःची रेल्वे आली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातील पहिली विजेची गाडी बोरीबंदरहून कुर्ल्यापर्यंत धावली, तीही हार्बरच्याच मार्गाने. १४ एप्रिल १९४४ च्या स्फोटात गोदी उद्ध्वस्त झाली, तेव्हा ती पुन्हा उभी केली ती सार्वजनिक पैशाने आणि हमाल-मजुरांच्या घामाने. साम्राज्यवादी सरकारलाही बंदराची जमीन खाजगी हाती ठेवणे परवडले नाही, आणि स्वतंत्र भारतातील सरकारला ती खाजगी हाती देण्यावाचून तरणोपाय दिसत नाही, हा काळाचा विलक्षण उपरोध आहे.

बंदराचा व्यवसाय पूर्व किनाऱ्यावरून हळूहळू हलला. पेटाऱ्यांतून मालवाहतूक सुरू झाली, तिला खोल पाणी आणि विस्तीर्ण आवार हवे होते. खाडीपलीकडे न्हावा-शेवा येथे १९८९ मध्ये जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. त्याआधी, जानेवारी १९८४ मध्ये, नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनीला न्याय्य मोबदला मागणाऱ्या उरणच्या शेतकऱ्यांवर जासई परिसरात गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले, हे रायगड जिल्हा विसरलेला नाही. आगरी-कोळ्यांच्या जमिनी घेऊन बंदर पलीकडे उभारले. अलीकडे गोदी कामगारांचे काम गेले आणि गोदामे रिकामी पडली. बंदराच्या स्थलांतराची किंमत दोन्ही काठांच्या श्रमिकांनी मोजली.

रिकाम्या जमिनीचे काय करावे यासाठी केंद्राने २०१४ मध्ये राणी जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २०१८ मध्ये पोर्ट ट्रस्टलाच सुमारे ९६६ हेक्टर क्षेत्रासाठी विशेष नियोजन प्राधिकरणाचा दर्जा मिळाला आणि मसुदा आराखडा प्रसिद्ध झाला. जमिनीचा मालक आणि नियोजनकर्ता एकच झाला. २०२१ च्या कायद्याने बंदरांच्या कारभारातून ‘ट्रस्ट’ हा शब्दही गेला. विश्वस्ताच्या जागी प्राधिकरण आले. दरम्यान २०१३ मध्ये पूर्व मुक्त मार्ग, जानेवारी २०२४ मध्ये शिवडी ते न्हावा-शेवा हा सुमारे बावीस किलोमीटरचा सागरी सेतू आणि सप्टेंबर २०२५ मध्ये बॅलार्ड पिअरवर पर्यटक जहाजांचे आंतरराष्ट्रीय टर्मिनल सुरू झाले. ऑरेंज गेटपासून मरीन ड्राइव्हपर्यंतचा भुयारी मार्गही हाती घेण्यात आला. सेतूवरून दुचाकीला आणि रिक्षाला प्रवेश नाही, रेल्वे तर नाहीच. मोटारीला एका खेपेचा पथकर उद्घाटनाच्या वेळी २५० रुपये ठेवला गेला. वाहतुकीच्या प्रत्येक नव्या दुव्याने या किनाऱ्याच्या जमिनीचा भाव वाढतो. भाव वाढविणारा पैसा सार्वजनिक, मग वाढलेला भाव कोणाच्या पदरात पडावा? पूर्व किनाऱ्याच्या पुनर्विकासाचा खरा प्रश्न हाच आहे.

या प्रश्नाचे उत्तर चुकले तर काय होते, याचा अनुभव गिरण्यांच्या जमिनींनी दिला आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. १९९१ च्या नियमाने त्यांच्या जमिनीची तीन भागांत वाटणी सुचविली होती: एक मोकळ्या जागेसाठी, एक सार्वजनिक घरांसाठी, एक मालकासाठी. २००१ मध्ये नियमात दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती उरली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरविली. परिणामी जमीन गेली, मनोरे आले; घरांसाठी अर्ज करणाऱ्या पावणेदोन लाखांच्या आसपास कामगारांपैकी आणि वारसांपैकी सोडतीत ज्यांचा क्रमांक लागला ते २०२० पर्यंत अवघे १५,८७० च्या घरात होते. गिरण्या निदान खाजगी होत्या, मालकी हक्काची सबब तेथे पुढे करता आली. बंदराची जमीन सरकारचीच आहे. येथे ती सबब चालणार नाही.

मुंबईत जमीन नाही, या म्हणण्याची शहानिशा साध्या अंकगणिताने होते. दाट वस्तीच्या शहरात हेक्टरी पाचशे घरे धरली, तर ८१,००० घरांना सुमारे १६२ हेक्टर लागतील. म्हणजे पूर्व किनाऱ्याच्या नियोजन क्षेत्राचा साधारण सहावा हिस्सा. चालू बंदर, तेलवाहिन्या, खारफुटी, रस्ते, मैदाने वगळली तरी ही मागणी अवाजवी ठरत नाही. शिवाय डॉकयार्ड रोड, रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी, वडाळा ही स्थानके याच पट्ट्याला लागून आहेत. कामगारांच्या घरांसाठी येथे नवा मार्ग टाकावयाचा नाही; तो शंभर वर्षांपूर्वीच टाकून झाला आहे.

याउलट शेलू मुंबईच्या टर्मिनसपासून ऐंशीहून अधिक किलोमीटरवर आहे. घरापासून कामापर्यंत जायला दोन तास आणि यायला दोन तास धरले, तर महिन्याच्या पंचवीस दिवसांत शंभर तास गाडीत जातात. आठ तासांच्या हिशेबाने हे साडेबारा दिवसांचे काम झाले, आणि ते बिनपगारी. हा भार आता बहुधा कामगारांच्या मुलांवर आणि सुनांवर पडणार आहे. कोणी दुकानात, कोणी इस्पितळात, कोणी घरकामाला जाणारे. बदलापूरच्या पुढे कर्जतपर्यंत लोकल, मेल आणि मालगाड्या यांना मिळून दोनच मार्ग आहेत. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावे लागले. या मार्गाचा भरवसा तो एवढाच.

या वादात शेलूचा स्वतःचा आवाज कोठेच ऐकू येत नाही, ही आणखी एक गंभीर बाब आहे. योजनेतील सुमारे तीस हजार घरे एकट्या शेलूच्या वाट्याची. कुटुंबात साडेचार माणसे धरली तर ही सव्वा लाखावर वस्ती होते. २०११ च्या जनगणनेत सबंध कर्जत तालुक्याची लोकसंख्या दोन लाखांच्या थोडीशी वर होती. एवढ्या वस्तीचे पाणी कोठून येणार, सांडपाणी उल्हासमध्ये जाणार काय, शाळा आणि दवाखाना कोण चालविणार, ठाकर-कातकरी वाड्यांच्या वाट्याला काय उरणार, याची उत्तरे एका ग्रामपंचायतीने द्यायची, अशी अपेक्षा दिसते. शेलूचा शेतकरी आणि मुंबईचा गिरणी कामगार यांना एकमेकांसमोर उभे करण्याचा हा डाव आहे. दोघांनीही तो ओळखला पाहिजे. दोघांचे हित एकच आहे.

बंदरावर निवृत्तिवेतनाचा बोजा आहे, म्हणून जमिनीतून उत्पन्न काढणे भाग आहे, असा युक्तिवाद केला जातो. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. जमीन भाडेपट्ट्याने देऊन, व्यापारी वापरावर योग्य आकारणी करून उत्पन्न मिळू शकते. त्यासाठी कामगारांना हद्दपार करण्याचे कारण नाही. लंडनमध्ये १९८१ साली स्थानिक पालिकांचे नियोजनाचे अधिकार काढून गोद्यांचा विकास एका महामंडळाकडे दिला गेला. कॅनरी वॉर्फचे मनोरे उभे राहिले, १९९२ मध्ये त्यांच्या विकासकाचे दिवाळे निघाले, पुढे सार्वजनिक खर्चाने भुयारी रेल्वे नेऊन त्यांना सावरले. जुन्या गोदी कामगारांच्या कुटुंबांना तेथली घरे परवडली नाहीत. हॅम्बुर्गने मात्र आपल्या जुन्या बंदरात जमीन सर्वाधिक बोली लावणाऱ्याला न विकता प्रकल्पाचा गुण पाहून दिली आणि नंतरच्या टप्प्यांत सुमारे तिसरा हिस्सा घरे अनुदानित ठेवली. भांडवलशाही देशातील एका शहराला जे जमले, ते समाजवादी गणराज्य म्हणविणाऱ्या देशाला अशक्य कसे?

तेव्हा मागणी नेमकी हवी. पूर्व किनाऱ्यावरील निवासयोग्य जमिनीचा किमान तिसरा हिस्सा गिरणी आणि गोदी कामगार, दारूखाना-कौला बंदरच्या वस्त्यांतील रहिवासी आणि कोळी यांच्या घरांसाठी कायद्याने राखून ठेवावा. जमिनीची मालकी सार्वजनिकच राहावी. आराखडा मराठीत प्रसिद्ध करून शिवडी, माझगाव आणि लालबाग-परळमध्ये उघड सुनावणी व्हावी. शेलू-वांगणीचे घर ज्याला स्वेच्छेने हवे असेल त्याने घ्यावे. पण बदलापूर ते कर्जत तिसरा-चौथा मार्ग, पाणी आणि इस्पितळ यांची सोय आधी व्हावी आणि शेलूच्या ग्रामसभेचे मत घेतल्याशिवाय एकही वीट रचली जाऊ नये.

आझाद मैदानावरील गर्दी पांगली की सरकारचा विसराळूपणा सुरू होतो, हा नेहमीचा अनुभव आहे. म्हणून कार्यकर्त्यांचे काम आता गिरणगावातील चाळीत, दारूखान्याच्या वस्तीत आणि कर्जत तालुक्याच्या वाड्यांवर आहे. मुंबईत हक्क मागणारा कामगार आणि गावात हक्क राखू पाहणारा शेतकरी यांची पहिली संयुक्त सभा शेलूलाच व्हावी, आणि तिच्यातील ठराव बंदर प्राधिकरणाच्या दारात नेऊन ठेवावा.