आधी १, २, ४, मग नावे!

फाइल वाचणे, तिच्यात लिहिणे आणि ती चालवणे अशा तीन परवानग्या युनिक्स प्रणाली तीन बिटांत साठवते. त्यांच्या किमती अनुक्रमे ४, २ आणि १. वाचणे व लिहिणे दोन्ही हवे, तर ६.

पायथन भाषेच्या ३.६ या आवृत्तीत (२०१६) ‘फ्लॅग’ हा प्रकार आला. त्यात प्रत्येक बिटाला नाव देता येते. मग आकडे शिकायचेच कशाला, असे काहींना वाटते. मला ते मुळीच पटत नाही.

समजा, एखाद्याने या परवानग्यांना १, २, ३ अशा किमती दिल्या. पायथन त्या मुकाट्याने स्वीकारतो. पण द्विमान पद्धतीत ३ म्हणजे ०११, म्हणजेच १ आणि २ एकत्र! पहिल्या दोन परवानग्या दिल्या, की तिसरी न मागता मिळते. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! म्हणून किंमत दर वेळी दुप्पट हवी.

बेरजेतही अशीच फसगत आहे. ६ मध्ये पुन्हा ४ मिळवले, तर १०, म्हणजे १०१०. वाचण्याचा बिटच विझला! ‘किंवा’ ही क्रिया केली, तर ६ च राहतात. पेटलेला दिवा पुन्हा काय पेटणार? फ्लॅगमध्ये अधिक चिन्ह वापरले, तर पायथन चूक दाखवतो. ती का, हे बिट जाणणाऱ्यालाच उमगेल.

तेव्हा आधी कागदावर ० ते ७ हे आकडे द्विमान पद्धतीत मांडा. नावे मग खुशाल द्या.